भांड्यामागनं माणूस

देवळाली प्रवऱ्यात रविराजची ख्याती अशी, की त्याच्याशी साखरेचा दाणा बोलतो. तो कारखान्यात पॅनमन होता. पॅन म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. दोन पुरुष उंचीचा हंडा, त्यात उसाचा रस आटत आटत दाणा धरतो. दाणा कधी धरला, किती वाढला, हंडा कधी खाली सोडायचा हे ज्याला कळतं तो पॅनमन. बाकीचे पॅनमन काचेवर थेंब पसरून उजेडाला धरतात. रविराज म्हणे काच नुसती कानाशी न्यायचा आणि सांगायचा, "थांबा, अजून रुसलाय." यातलं खरं किती ते त्या दाण्यालाच ठाऊक. पण ही कीर्ती समुद्र ओलांडून टांझानियाला पोचली आणि तिथल्या एका साखर कारखान्याचं बोलावणं आलं एवढं मात्र शंभर नंबरी खरं. राहायला घर, पोरीला कॉलनीतच शाळा, सगळं देणार होते.

रविराज म्हणाला, आधी मी एकटा जातो, जम बसला की बघू. त्याची आई मुक्ताबाई तेव्हा चुलीपुढं बसली होती. तव्यावरची भाकरी तिनं तशीच करपू दिली आणि हात झटकले.

"जाशील तर तिघं जाल. न्हाईतर कुनीबी जायचं न्हाई."

ती उगीच बोलत नव्हती. तिचा नवरा रंगनाथ उभा जन्म कर्नाटकातल्या कारखान्यांवर राहिला. हंगाम संपला की यायचा, पाऊस सरला की जायचा. लहानपणी रविराज त्याला बघून आईच्या पदराआड लपायचा आणि आत ओरडून सांगायचा, "आये, पाव्हणं आलं." रंगनाथ हसायचा. मुक्ताबाई कधी हसली नाही. नातीनंही स्वतःच्या बापाला पाव्हणं म्हणायचं, हे तिला या जन्मात पुन्हा ऐकायचं नव्हतं.

सून रुपालीचा पाय मात्र निघत नव्हता. ती जामखेडकडची. तिच्या माहेरी दाराला कडी होती म्हणे, पण ती कुणी लावलेली बघितलेला माणूस हयात नव्हता, एवढी माणसांची ये-जा. आणि तिची आई छबूबाई म्हणजे तर विचारू नका. जामखेडच्या बाजारात छबूबाई नुसती समोर उभी राहिली तरी कांदा आपणहून तिच्या पिशवीत जाऊन बसायचा. ही बाई देवळालीला आली, पाणी प्यायली आणि पाटावर न बसता उभ्यानंच बोलली.

"विहीणबाई, तुमच्या शब्दावर लेकरू धाडायलेय. दिवाळीपातूर रुळली तर रुळली. न्हाई रुळली तर मी सोता जाऊन आनीन. आन् आनीन ती तुमच्या दारात न्हाई, माझ्या दारात. मग नवरा एकीकडं, बायको एकीकडं. बोल लावायचा न्हाई."

मुक्ताबाई म्हणाली, ठीक. म्हणाली खरी, पण रात्रंदिवस तिच्या घशात ते 'ठीक' माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. पोराचं घर एक राहणार की दोन होणार, ते आता दिवाळीवर लटकलेलं.

ज्येष्ठात तिघं गेली. मुक्ताबाईनं मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायला सुरुवात केली. दुपारी तिकडून फोन यायचा. कॉलनी छान होती. लाल कौलांची घरं, आंब्याची झाडं, रुंद रस्ते. रविराज कारखान्यात रमला. तिथला दाणाही त्याच्याशी बोलायला लागला, फक्त सुरुवातीला म्हणे तिकडच्या भाषेत. सहा वर्षांची ज्ञानेश्वरी तर पंधरवड्यात शेजारच्या पोरांशी असं काही बोलायला लागली की तिच्या आईला तिचं भांडण कुठलं आणि खेळ कुठला ते कळेना.

राहिली रुपाली. मोबाईलच्या काचेत रोज तिचं नाक लाल.

"आत्या, हितं मानसं चांगली हायेत. सकाळी हात हलवत्यात, संध्याकाळी हात हलवत्यात," ती सासूला सांगायची. "पन मधला दिवस कुनाला दावू? दाराची कडी कुनी वाजवत न्हाई."

तीच आसवं मग जामखेडच्या मोबाईलवर गळायची, आणि तिथनं छबूबाईचा फोन देवळालीला यायचा. आज रडली. आजबी रडली. दिवाळीला आता एवढेच राहिले. मुक्ताबाईचं जेवण निम्म्यावर आलं. रंगनाथ म्हणाला, अगं तुझ्या न जेवण्यानं टांझानियातली कडी वाजणाराय का? त्यावर त्याचं ताट त्या दिवशी जरा जोरात आदळलं.

शेवटी तिनंच विचार केला. रुपालीनं मोरीच्या पाण्यावर मेथी टाकली होती, ती हातभर आली होती. मुक्ताबाईनं सुनेला विचारलं, ही मेथी एकटीच खानार का? रानात काही नवं आलं की पहिला वाटा शेजारी द्यायचा, त्याला वानवळा म्हणायचं, हे विसरलीस का? रुपाली म्हणाली, आत्या, हे काय रान हाय का, चार वाफे. आणि ओळख ना पाळख, कुणाच्या दारात जाऊन उभी राहू?

तेव्हा मुक्ताबाई मोबाईलच्या अगदी तोंडाशी गेली. तिकडं काचेत नुसतं तिचं नाक आणि नथ दिसत असणार.

"तू नगं जाऊस. भांडं धाड. मानूस आदी येत न्हाई, बाई. आदी भांडं येतं. भांड्यामागनं मानूस येतं."

रुपालीनं मेथीचे धपाटे केले. कडीच्या स्टीलच्या डब्यात घातले. डबा लग्नातला, त्यावर नाव घातलेलं, 'सौ. रुपाली रविराज', तारखेसकट. शेजारच्या घरात एक बाई राहायची, कारखान्याच्या वजनकाट्यावर साहेब होती. ट्रकच्या ट्रक ऊस ती नुसत्या नजरेनं तोलते असं रविराज सांगायचा. तिकडच्या रीतीप्रमाणं तिला थोरल्या लेकीच्या नावावरून मामा नीमा म्हणायचे; तिकडं मामा म्हणजे आई. मुक्ताबाईला हे एका दमात समजलं. तिनं बाईचं नाव 'नीमाची आई' ठेवून टाकलं आणि ते चूकही नव्हतं.

ज्ञानेश्वरी डबा देऊन आली. आणि डबा गेला तो गेलाच.

दोन दिवस झाले, चार झाले. आठवडा उलटला. नीमाची आई सकाळी हात हलवायची, संध्याकाळी हात हलवायची, डब्याचं नाव नाही. आपल्याकडं शेजारणीनं डबा ठेवून घेतला तर त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. धपाटे आवडले नाहीत, तू आवडली नाहीस, पुन्हा येऊ नकोस. रुपाली त्या दिवशी अशी रडली की मुक्ताबाईनं मोबाईल बरणीवरनं उचलून पदरानं पुसला. जामखेडला ही बातमी पोचली तशी छबूबाई गरजली, की भांडी गिळणाऱ्या वस्तीत माझी पोर एक दिवस राहणार नाही, आणि तिनं थेट पासपोर्टाचा अर्ज टाकला. पुण्याच्या पुढं न गेलेली ही बाई. पण पोलीस चौकशीला आलेल्या हवालदाराचीच तिनं एवढी चौकशी केली, की तो बिचारा स्वतःचं गाव सांगून गेला.

मग एका सकाळी तिकडं रुपालीच्या दाराची कडी वाजली. दारात नीमाची आई. एका हातात तो डबा, घासून असा लखलखीत की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. दुसऱ्या हातात झाकणाची विणलेली टोपली, आणि टोपलीत डब्यात न मावलेली अंडी. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बाकीचं हातांनी तिनं उशीर का झाला ते सांगितलं. आमच्यात रिकामं भांडं परत करत नाहीत. आणि माझ्या कोंबड्या नेमक्या रुसलेल्या. अंडी जमेपर्यंत तुझ्या दारात कुठल्या तोंडानं येऊ?

रुपालीनं हे सासूला सांगितलं तेव्हा मुक्ताबाई उठली आणि परसात जाऊन आली. काही काम नव्हतं. नुसतीच जाऊन आली. माणसाला कधीकधी मोठा श्वास घ्यायला घर पुरत नाही.

पण खरी गंमत इथून पुढं आहे. डबा परत आला, पण टोपली रुपालीकडं राहिली. आता ती रिकामी कशी द्यायची? रुपालीनं त्यात शेंगदाण्याचे लाडू घातले आणि वर झाकायला आपला रुमाल टाकला. टोपली घरी गेली, रुमाल तिकडं राहिला. रुमालात बांधून रताळी आली, पण रताळी जास्त म्हणून सोबत एक पातेलं आलं. पातेल्यातून पुरणपोळ्या गेल्या, पोळ्या मोडू नयेत म्हणून खाली ताट गेलं. ताटावरून केळीचा असा घड आला की ताट घडावर होतं की घड ताटावर हे सांगता येईना. दोघीही शहाण्या, दोघीही हट्टी, आणि प्रत्येक खेपेला कुणाचं ना कुणाचं एक भांडं मागं राहायचंच.

नीमाच्या आईला त्या डब्यावरच्या नावाचं फार कौतुक. तिनं कारखान्यातल्या फिटरला धरलं आणि आपल्या घरातल्या चमच्यासकट सगळ्यावर नावं घालून घेतली. बाकीच्या बायकांनी ते पाहिलं. आता त्या कॉलनीत बिननावाचं भांडं म्हणजे बेवारशी समजतात, आणि स्वतःच्या घरात असलेलं भांडं आजारी समजतात, अशी बातमी आहे. कारण नीमाच्या आईचं बघून पलीकडची बाई या खेळात आली, तिच्यामुळं समोरची. कुणाच्या घरी काय शिजलंय ते बघायला भांडी नुसती या दारातून त्या दारात.

रुपालीचा फोन आता दुपारी येईना. आला तरी उभ्यानं. रडायला वेळ नव्हता, कुरकुरायला मात्र होता. आत्या, हात दुखायले. आत्या, आज पुन्हा आलं पातेलं, आता काय घालू? आत्या, हे थांबवायचं कसं?

थांबवायची रीत होती. मुक्ताबाईच्या आजीपासून सगळ्या बायकांना ठाऊक होती. दोन घरं देऊन घेऊन दमली, की एकीनं भांडं घासायचं, त्यात चिमूटभर साखर टाकायची आणि म्हणायचं, गोड मानून घ्या. बस. पुढचं भांडं रिकामं आलं तरी कुणाला राग नाही, कुणाचं काही अडलं नाही. रुपाली नगरला होस्टेलवर राहून बीएस्सी झालेली, तिला हे कोण शिकवणार? मुक्ताबाईनं काचेकडं सरळ बघितलं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "थांबवायची अशी काय रीतच न्हाई आपल्यात."

फोन ठेवल्यावर तिनं देव्हाऱ्याकडं तोंड करून दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या आणि भाजी चिरायला बसली. गोष्ट घरातल्या घरात मिटली.

मिटली असती. पण कुरकुर जामखेडलाही पोचत होती, आणि छबूबाईच्या कानाला रडणं आणि कुरकुरणं यातला फरक मंजूर नव्हता. तिला एवढंच ऐकू आलं, की पोरीचे हात दुखतात. दिवाळी आठवड्यावर असताना ती टेम्पोतून देवळालीला उतरली. हातात पिशवी, पिशवीत साड्या आणि निळा करकरीत पासपोर्ट. तो तिनं देव्हाऱ्यासमोर ठेवला, जसे काही वकिलानं कागद ठेवावेत.

"शब्द दिला होता. आठवतो ना?"

मुक्ताबाईला आठवत होता. तिनं सांगून बघितलं, की पोर आता रडत नाही. छबूबाई म्हणाली, रडत नाही म्हणजे रडायचं त्राण राहिलं नाही. रंगनाथ हळूच चपला घालून बाहेर सटकला. दोन विहिणींच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा उसाच्या ट्रकपुढं उभं राहावं, असं त्याचं मत होतं. छबूबाईनं बरणीला टेकलेला मोबाईल स्वतःच उचलला आणि फोन लावला.

पुष्कळ वेळ वाजल्यावर काचेत आधी एक लांब कान दिसला. मग दुसरा. मग रुपाली, केस वर बांधलेले, कपाळाला पीठ.

"बाजूला हो गं," ती म्हणाली. ते शेळीला होतं. काळीभोर शेळी, आणि तिच्या गळ्यात दोरीनं बांधलेला कडीचा डबा. नीमाचं कसलंसं परीक्षेचं यश होतं, रुपालीनं त्याबद्दल परातभर बुंदी पाठवली होती, आणि परातीच्या बदल्यात काय द्यावं याचा नीमाच्या आईनं चार दिवस विचार करून हे धाडलं होतं. शेळी डब्यात मावत नव्हती म्हणून डबा शेळीला बांधला होता. रीत पाळायचीच म्हटल्यावर पाळायची.

छबूबाईनं हे काही ऐकून घेतलं नाही. "रुपाले, पिशवी भरून आलेय. न्यायला यायलेय तुला."

"ये की," रुपाली म्हणाली, जशी आई जामखेडहून कर्जतला यायची होती. "पन आई, आदी मला सांग, शेळीच्या बदल्यात काय देत्यात? माझं डोकं चालंना. आन् हे भांड्याचं थांबवायचं कसं? आत्यांना इचारलं तर त्या म्हनल्या तसली रीतच न्हाई."

छबूबाईची मान हळूहळू वळली. मुक्ताबाई बरणीतल्या मिठाकडं बघत होती, जसं काही त्यातला एक खडा हरवलाय.

आता सगळं छबूबाईच्या तोंडात होतं. साखर. एवढा एक शब्द. तो बोलला, की भांडी आपापल्या घरी जातील, हात दुखायचे थांबतील, दाराची कडी गप्प होईल, आणि दिवाळीनंतर जामखेडच्या ओसरीवर लेक बसलेली असेल. त्याचसाठी तर ती आली होती. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात तिकडं मागून कुणी तरी हाक मारली. रुपालीनं मान वळवली आणि तिकडच्याच भाषेत काहीतरी फेकलं. स्वयंपाकघरात खाली बसून दोन-तीन बाया पोळपाटाशी झटत होत्या, त्यातली एक धिप्पाड बाई पोळपाटाकडं अशी बघत होती जसा तो वजनकाट्यावरचा खोटा ट्रक आहे. रुपालीनं जे फेकलं होतं ते झोंबणारं असणार, कारण त्या बाईनं लाटणं उगारलं आणि सगळ्या हसायला लागल्या. रुपालीही हसली. हे हसणं मोबाईलसाठी काढलेलं नव्हतं. लग्नाआधी ओसरीवर मैत्रिणींत बसून ती हसायची, ते होतं.

छबूबाईनं तोंड मिटलं.

"रुपाले," छबूबाई म्हणाली. "शेळी जरा मागनं दाव."

रुपालीनं मोबाईल फिरवला. जामखेडकडं पाऊस कमी, त्यामुळं माणसाचा सगळा जीव शेळीत. तिकडच्या बायका शेळी बघतात तशी सोनारही सोन्याची पुतळी बघत नाही. छबूबाईनं काच डोळ्याशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. जरा पुढं चालव म्हणाली. पोटाखालनं दाव म्हणाली. हजारो कोसांवरची शेळी निमूट फिरली. जामखेडच्या बाईपुढं तिचंही काही चाललं नाही.

"गाभन हाय ती," छबूबाई म्हणाली.

रुपालीनं नीमाच्या आईला विचारलं. ती लाटणं टाकून लगबगीनं पुढं आली, काचेतल्या परक्या बाईकडं तिनं आदरानं बघितलं आणि होय म्हणून मान हलवली. तिलाच दोन दिवसांपूर्वी कळलं होतं. मग छबूबाईनं निवाडा सांगितला. गाभण जनावराची फेड भांड्यानं होत नाही. ती अर्धलीनं ठेवायची. सांभाळायची तू, आणि पिल्लं झाली की निम्मी तिची, निम्मी तुझी. तिला हे नीट समजावून सांग. रुपालीनं हातवारे करत सांगितलं, तशी नीमाच्या आईनं कपाळावर हात मारला आणि दोन्ही हात पसरून हसली. त्यांच्यातही हेच होतं.

"पन आई," रुपालीला आत्ता आठवलं, "तू न्यायला येनार म्हनालीस ना?"

"गाभन शेळी टाकून कुठं येतीस? पाप लागंल," छबूबाई म्हणाली. "आन् भांड्याचं म्हनशील तर, तुझी सासू बोलली त्येच खरं. थांबवायची रीत न्हाई आपल्यात."

फोन बंद झाला. मग छबूबाई इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पाटावर बसली.

"रीतच न्हाई म्हनं."

"जामखेडला हाय का?" मुक्ताबाईनं विचारलं.

"जामखेडला बी न्हाई."

मग आधी मुक्ताबाईचे खांदे हलायला लागले की छबूबाईचे, यावर पुढं दोन्ही घरांत वाद झाला. शेजारच्या बाईनं आवाज ऐकून भिंतीपलीकडून विचारलं, की सगळं बरं आहे ना, तर उत्तर द्यायलाही कुणाला श्वास नव्हता.

मुक्ताबाईनं चूल पेटवली. तीन भाकऱ्या केल्या आणि उभ्याउभ्याच दीड खाल्ली, ठेच्याबरोबर. ज्येष्ठापासून अडकलेला काटा कधी खाली गेला ते तिला कळलंसुद्धा नाही. रंगनाथनं खिडकीतून डोकावून बघितलं, दोघी जेवताना दिसल्या, तेव्हा तो आत आला आणि देव्हाऱ्यासमोरच्या पासपोर्टाकडं बोट दाखवून म्हणाला, आता ह्याचं काय?

छबूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्याला बोट परत घ्यावं लागलं. पहिलटकरीण शेळी, ती म्हणाली. परक्या मुलखात. रुपालीनं कधी करडाचं तोंड पुसलेलं नाही. बाळंतपणाला माहेरचं माणूस नको? ती जाणारच होती. फक्त आणायला नाही, राहायला. आणि तिनं पिशवी उलटी करून साड्या बाहेर काढल्या आणि आत काय काय न्यायचं ते बोलायला लागली. बाजरी न्यावी लागेल, शेळी व्याल्यावर बाजरीची आंबील लागते. गूळ तिकडं असेल, पण आपल्यासारखा नसेल. विमानात किती वजन नेऊ देतात, आणि नेऊ देत नाहीत म्हणजे काय, मी त्या विमानवाल्याशी बोलते. नीमाच्या आईला काय न्यावं? खण न्यावा का? तिच्या अंगाला खण कसा पुरेल, लुगडंच न्यावं.

"काय म्हन्ता, विहीणबाई?"

मुक्ताबाई भिंतीला टेकून तिथंच झोपून गेली होती, हात अजून पिठाचे, तोंड किंचित उघडं. भर दुपारी, पाहुणी समोर असताना. रंगनाथ तिला हलवायला वाकला.

"राहू द्या," छबूबाई म्हणाली. आणि बाकीचं सगळं, बाजरीपासून लुगड्यापर्यंत, ती रंगनाथला कुजबुजत सांगायला लागली. छबूबाईला कुजबुजताना ऐकलेला माणूस जामखेड तालुक्यात आजही कुणी सापडणार नाही. देवळालीत मात्र एक आहे.